एसएमबी-१ बंद झाल्यावर फोल्डर का उघडत नाही? एका लोकप्रिय उपायाची चिकित्सा



विषय वाचून काही जण म्हणतील, हे तर कॉम्प्युटर सेंटरच्या माणसाचं काम, आमचा काय संबंध? संबंध आहे. एक तर लॅबमध्ये पाऊल टाकल्यावर महिन्याभरात तुमच्या तोंडून "अरे, शेअर्ड फोल्डर उघडत नाहीये" हे वाक्य निघणारच. दुसरं म्हणजे या साध्या बिघाडावर जो उपाय सगळीकडे सांगितला जातो, तो तपासून बघितला तर आपण पुराव्याचा विचार किती ढिलाईने करतो ते दिसतं. नेट-सेटच्या पेपर एकमध्ये आपण 'नियंत्रित चल' आणि 'कार्यकारणभाव' पाठ करतो, आणि पाठ केलेलं लॅबच्या दारातच चपलांबरोबर काढून ठेवतो. माझंही तेच झालं होतं. त्याची किंमत माझ्या थीसिसमधल्या एका तक्त्यात छापली जाणार आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी आमची गोष्ट

आमच्या विभागात एक्स-रे डिफ्रॅक्शनचं, म्हणजे एक्सआरडीचं एक यंत्र आहे. जुनं, पण ठणठणीत. त्याला जोडलेला संगणक विंडोज एक्सपीवर चालतो, कारण यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर पुढच्या कुठल्याच विंडोजवर चालत नाही. दिवसभरात घेतलेले स्कॅन रोज रात्री एक वाजता एक छोटी बॅच फाइल विभागाच्या नॅसवर कॉपी करायची. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांनी मिळून वापरायची हार्ड डिस्कची पेटी. ही बॅच फाइल कुणीतरी जुन्या सीनियरने लिहिलेली होती. कॉपी झाली की नाही हे ती तपासत नव्हती, नाही झाली तर ओरडतही नव्हती.

एके दिवशी नॅसचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि त्यात एसएमबी-१ हा जुना प्रोटोकॉल बंद झाला. तशी मेल आली होती. कुणीच वाचली नाही, मीपण नाही. योगायोग असा की त्याच आठवड्यात आमच्या विश्लेषणाच्या संगणकावर विंडोज १० नव्याने टाकलं होतं. दोन दिवसांनी एका ज्युनियरने त्यावर 'नेटवर्क' उघडलं, तर यादीत नॅस नाही. मग कुणाला तरी ती मेल आठवली आणि निदान पक्कं झालं : "एसएमबी-१ बंद केलंय ना, म्हणून!"

सीनियरने नेहमीचा उपाय केला. कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज फीचर्स उघडलं, 'एसएमबी १.० / सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट' या ओळीसमोर टिक केली, संगणक रीस्टार्ट केला, आणि नॅसचा पत्ता दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन हाताने टाइप केला. फोल्डर उघडलं. ड्राइव्ह मॅप केला, चहा झाला, विषय संपला.

एकोणिसाव्या दिवशी एक्सपीच्या संगणकाची डिस्क भरली. एका विद्यार्थ्याने "नॅसवर तर सगळं आहेच" म्हणून तिथले जुने स्कॅन उडवले. विसाव्या दिवशी मी माझे स्कॅन घ्यायला नॅस उघडलं, तर शेवटची फाइल अपडेटच्या आदल्या रात्रीची. त्यानंतर एकही फाइल आलेली नव्हती. एक्सपीचा संगणक तीन आठवडे रोज रात्री नॅसचं दार वाजवत होता आणि परत जात होता.

माझे चौदा स्कॅन गेले. दहा नमुने पुन्हा लावता आले. चार नमुने हायड्रेट होते. तोवर त्यांच्यातलं पाणी उडून गेलं होतं, रचना बदलली होती. पहिल्या दिवशी त्यांचा पॅटर्न कसा होता हे आता कुणीच सांगू शकत नाही.

ज्याने फाइली उडवल्या त्याच्यावर मी दोन दिवस चिडलो होतो. नंतर लक्षात आलं, चूक त्याच्या आधीच, चहाच्या वेळी झाली होती.

उपाय लागू पडला होता का?

या घटनेनंतर मी विश्लेषणाच्या संगणकावर पॉवरशेलमध्ये 'गेट-एसएमबीकनेक्शन' ही आज्ञा चालवली. कुठल्या सर्व्हरशी प्रोटोकॉलच्या कुठल्या आवृत्तीतून बोलणं चाललंय, हे ती 'डायलेक्ट' या रकान्यात दाखवते. नॅससमोर आकडा होता ३.१.१.

म्हणजे हा संगणक नॅसशी एसएमबीच्या सगळ्यात नव्या बोलीत बोलत होता. एसएमबी-१ चा त्या जोडणीशी काहीएक संबंध नव्हता. मग विंडोज फीचर्स उघडून बघितलं, तर एसएमबी-१ समोरची टिक गायब! ती कुणी काढली नव्हती, विंडोजनेच काढली होती.

त्याचं कारण त्या ओळीतच आहे. तिच्या आत तीन पोट-ओळी असतात : क्लायंट, सर्व्हर आणि 'ऑटोमॅटिक रिमूव्हल'. वरच्या मुख्य चौकटीत टिक केली की तिन्ही निवडल्या जातात. तिसरीचा अर्थ असा की संगणक चालू असण्याचे एकूण १५ दिवस एसएमबी-१ वापरलं गेलं नाही, तर ते आपोआप काढून टाका. आमचा तो संगणक रात्रंदिवस चालू असायचा. पंधरा दिवस एसएमबी-१ ला कुणी हाक मारली नाही, म्हणून विंडोजने त्याला निरोप दिला. आणि नॅस चालूच राहिलं, कुणाला कळलंही नाही.

हा पुरावा नीट बघा. औषध दिलं, रोगी बरा झाला. मग औषध आपोआप बंद झालं आणि रोगी बराच राहिला. औषधाने बरा झाला असं म्हणायला आता जागा उरते का?

मुळात बिघाड काय होता? विंडोजच्या 'नेटवर्क'मध्ये दिसणारी यादी पूर्वी 'कॉम्प्युटर ब्राउझर' नावाची सेवा बनवायची आणि ती एसएमबी-१ वर अवलंबून होती. नव्या विंडोजमध्ये एसएमबी-१ नसतं, म्हणून ती यादीही नसते. तिच्या जागी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ही वेगळी पद्धत आली. त्यासाठी विंडोजच्या बाजूला 'फंक्शन डिस्कव्हरी' नावाच्या दोन सेवा चालू लागतात, आणि समोरच्या नॅसनेही त्या पद्धतीने आपली ओळख जाहीर करावी लागते. आमच्या नॅसवर तो पर्याय बंद होता. म्हणून नॅस यादीत *दिसत* नव्हतं. पण ते पहिल्या दिवसापासून *पोचण्याजोगं* होतं. पत्ता हाताने टाइप केला असता, तर टिक न करता, रीस्टार्ट न करता उघडलं असतं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. सीनियरने एका दमात तीन गोष्टी बदलल्या : टिक, रीस्टार्ट, हाताने टाइप केलेला पत्ता. काम केलं तिसरीने, श्रेय मिळालं पहिलीला. आणि खरंच आजारी असलेला एक्सपीचा संगणक, ज्याला एसएमबी-१ शिवाय दुसरी बोलीच येत नाही, त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही, कारण "प्रॉब्लेम सुटला होता". दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते हेच.

पहिली टीका : हा उपाय प्रश्नच पुसून टाकतो

'एसएमबी-१ परत चालू करा' हा सल्ला नेहमी चुकीचा असतो, असं माझं म्हणणं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा सल्ला चार वेगवेगळ्या बिघाडांना एकच नाव देतो. 'एसएमबी-१ बंद झालं आणि शेअरिंग बंद पडलं' या एका वाक्याच्या पोटात निदान एवढ्या गोष्टी असू शकतात :

पहिली, यादी रिकामी, पण रस्ता चालू. आमचं तेच होतं. इथे एसएमबी-१ ची गरज नाही.

दुसरी, पाहुण्याला प्रवेश बंद. अनेक लॅबमध्ये शेअरला पासवर्डच नसतो, कुणीही 'गेस्ट' म्हणून शिरतो. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एंटरप्राइज आणि एज्युकेशन प्रकारांत एसएमबी-२ आणि पुढच्या बोलींमधून असा बिनओळखीचा प्रवेश बंद झाला. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारातही तेच झालं. शिवाय प्रत्येक संदेशावर सही असण्याची सक्तीही आली, आणि गेस्टला सही करता येत नाही. यावरचा उपाय म्हणजे नॅसवर खातं उघडून पासवर्ड द्यायचा. एसएमबी-१ चा प्रश्नच येत नाही.

तिसरी, ओळख पटवण्याची जुनी पद्धत. पासवर्डची खूण पाठवण्याच्या जुन्या आणि नव्या रीती असतात. एक्सपी मूळ सेटिंगमध्ये जुनीच पाठवतो. लिनक्सवरच्या सांबा या सर्व्हरने २०१६ मध्ये, ४.५ आवृत्तीपासून, ती जुनी रीत नाकारायला सुरुवात केली. अशा वेळी एसएमबी-१ चालू करूनही एक्सपी पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारत बसतो, आणि पासवर्ड तर बरोबर असतो.

चौथी, समोरच्याला खरंच फक्त एसएमबी-१ येतं. एक्सपी, सर्व्हर २००३, जुने नॅस, स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारी जुनी झेरॉक्स-प्रिंटर यंत्रं. एसएमबी-१ चा मुद्दा खरा असतो तो फक्त इथे.

१७०९ आवृत्तीत काय झालं बघा. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये एसएमबी-१ चा सर्व्हर येईनासा झाला, जुनी यादी बनवणारी सेवा गेली, आणि काही प्रकारांत गेस्ट बंद झाला. हे सगळं एकाच अपडेटमध्ये. आपल्या भाषेत सांगायचं तर तीन चल एकदम हलवले. लोकांना त्यातलं एकच नाव ठाऊक होतं, कारण बातम्यांत तेच होतं. म्हणून तिन्ही परिणाम त्याच्याच खात्यावर जमा झाले. ज्याचं नाव ठाऊक त्याच्यावर दोष, ही खोड संशोधनातही असते. एखादा अभिक्रियेचा उतारा कमी आला की आपण उत्प्रेरकाला धरतो, कारण पेपरच्या शीर्षकात तोच असतो. सॉल्व्हंटची बाटली कुणी उघडी ठेवली होती का, हे शेवटी विचारतो.

दुसरी टीका : विंडोज काय बोलतं

दोष फक्त सल्ला देणाऱ्यांचा नाही. यंत्र जे सांगतं तेही अपुरं असतं.

सगळ्यात जास्त भेटणारी चूक म्हणजे शेवटी ८००७००३५ असा आकडा असलेली, 'नेटवर्क पाथ सापडला नाही' ही. कमांड प्रॉम्प्टवर तीच चूक 'सिस्टम एरर ५३' म्हणून येते. या दोन वेगळ्या चुका आहेत असं समजून लोक दोन वेगळे उपाय शोधतात. पहिला आकडा सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीतला आहे. त्यातले शेवटचे ३५ म्हणजे तीन सोळा अठ्ठेचाळीस अधिक पाच, बरोबर ५३. एकाच चुकीची ही दोन रूपं. (तसंच शेवटी ४० आलं तर ते ६४.)

पण ५३ चा अर्थ एवढाच : मी तिथे पोचू शकलो नाही. नाव चुकलं, नावावरून पत्ता सापडला नाही, की फायरवॉलने ४४५ नंबरचं पोर्ट अडवलं, यातलं काहीही असू शकतं. बोली न जुळल्याने जोडणी तुटली तर कधी ६४ येतो, 'हे नेटवर्क नाव आता उपलब्ध नाही' असं सांगत. आणि कधी 'अनस्पेसिफाइड एरर', म्हणजे काय झालं ते सांगता येत नाही, अशी प्रामाणिक पण निरुपयोगी कबुली.

एक संदेश मात्र चांगला आहे. नव्या विंडोजमध्ये कधी कधी स्पष्ट सांगितलं जातं की या शेअरला कालबाह्य एसएमबी-१ लागतं, ते असुरक्षित आहे, म्हणून जोडत नाही. गेस्ट अडवला तरी तसंच स्पष्ट वाक्य येतं, की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे बिनओळखीचा प्रवेश बंद आहे. ही वाक्यं वाचलीत तर निम्मं निदान तिथेच होतं. पण आपण काय करतो? लाल फुली दिसली की वाचायच्या आधीच 'ओके' दाबतो. संशोधनात वाचनाचा सराव पेपरपासून सुरू होतो असं आपल्याला वाटतं. तो चुकीच्या संदेशापासून सुरू करा.

तिसरी टीका : 'बंदच करा' म्हणणाऱ्यांवरही

आता दुसरी बाजू. एसएमबी-१ बंद करण्यामागची कारणं खरी आहेत. हा प्रोटोकॉल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांच्या कामातून जन्मला. तेव्हाच्या नेटवर्कवर अनोळखी माणूस असेल ही कल्पनाच नव्हती. व्हिस्टाबरोबर एसएमबी-२ आलं, त्यात शंभराहून जास्त आज्ञांच्या जागी फक्त १९ उरल्या. विंडोज ८ बरोबर ३.० आलं आणि त्यात एन्क्रिप्शन मिळालं. विंडोज १० बरोबर ३.१.१ आलं, त्यात बोली ठरवतानाच कुणी मध्ये ढवळाढवळ केली तर ती पकडण्याची सोय झाली. एसएमबी-१ मध्ये यातलं काही नाही. मायक्रोसॉफ्टच्या नेड पाइल यांनी सप्टेंबर २०१६ मध्येच 'एसएमबी-१ वापरणं थांबवा' असं जाहीरपणे लिहिलं होतं. पुढे कुठल्या कंपन्यांच्या कुठल्या वस्तूंना अजून ते लागतं, याची यादीही ठेवली.

मग २०१७ उजाडलं. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली, १४ एप्रिलला 'इटर्नलब्लू' हे हत्यार जगजाहीर झालं, १२ मे ला वॉनाक्रायने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपासून अनेक ठिकाणी संगणक कुलूपबंद केले. २७ जूनला नॉटपेट्या आला आणि उरणजवळच्या जेएनपीटीमधलं मेर्स्क समूहाचं टर्मिनलही अडकलं. तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की फोल्डर शेअरिंगमुळे कंटेनर अडकू शकतात.

पण या गोष्टीही चिकित्सेने वाचा. 'वॉनाक्राय एक्सपीमुळे पसरला' असं सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात बाधित संगणकांत बहुतेक विंडोज ७ चे होते, आणि त्यांच्यासाठीची दुरुस्ती दोन महिने आधी आलेली होती. 'नॉटपेट्या एसएमबी-१ मुळे' हेही अर्धसत्य. तो इटर्नलब्लू वापरत होता, पण संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड चोरूनही पसरत होता. म्हणून दुरुस्ती केलेले संगणकही पडले. एसएमबी-१ बंद असणं चांगलंच, पण ते बंद केलं की सुरक्षित झालो, हा निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावतो.

आणि 'जुनं यंत्र फेकून नवं घ्या' हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा विद्यापीठाच्या खरेदी समितीपुढे बसावं. एक्सआरडीचं यंत्र त्याच्या संगणकासाठी कुणी बदलत नाही. ज्या सल्ल्यात अंमलबजावणीची अट पूर्णच होणार नसते, तो नुसता उपदेश असतो. आणि उपदेशाचा परिणाम काय होतो? लोक गुपचूप टिक करून मोकळे होतात, नाहीतर पेन ड्राइव्ह फिरवतात. दोन्हींत धोका वाढतोच.

मग करायचं काय

आधी निदानाचा क्रम. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते वहीत लिहा.

पहिल्यांदा विचारा, दिसत नाही की पोचत नाही? यादी बघू नका, पत्ता टाइप करा. आधी नावाने, मग आयपी नंबरने. नंबरने उघडलं आणि नावाने नाही, तर बिघाड नावात आहे, प्रोटोकॉलमध्ये नाही.

दोन्हींनी नाही उघडलं, तर 'टेस्ट-नेटकनेक्शन' या आज्ञेने ४४५ पोर्ट उघडं आहे का बघा. नुसत्या पिंगवर विसंबू नका. विंडोजचं फायरवॉल बरेचदा पिंगला उत्तरच देत नाही, त्यावरून समोरचा संगणक मेलेला ठरत नाही. पोर्ट बंद असेल तर नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलं गेलंय का, हे तपासा. नवा राउटर लावल्यावर हे हमखास होतं.

पोर्ट उघडं आहे, तरी जोडत नाही, तर मग बोली आणि ओळख. ज्या दुसऱ्या संगणकावरून ते शेअर उघडतं, तिथे 'गेट-एसएमबीकनेक्शन' चालवा. डायलेक्ट २ किंवा ३ ने सुरू होत असेल, तर एसएमबी-१ वरचा आळ तिथेच खोटा ठरला. सर्व्हर सांबाचा असेल तर 'एसएमबीस्टेटस' तीच माहिती सर्व्हरच्या बाजूने देतं. विंडोजच्या सर्व्हरवर एसएमबी-१ बंद करण्याच्या *आधी* त्याच्या वापराची नोंद ठेवण्याची सोय आहे. ती चालू केली की एसएमबी-१ ने येणारा प्रत्येक संगणक ऑडिटच्या नोंदीत ३००० क्रमांकाने दिसतो. आमच्याकडे नॅसवर अशी आठवडाभराची नोंद कुणी बघितली असती, तर एक्सपीचा पत्ता रोज रात्री एक वाजता दिसला असता.

लिनक्सवाल्यांनीही गाफील राहू नये. कर्नल ४.१३ पासून सीआयएफएस माउंटची मूळ आवृत्ती १.० राहिली नाही, आणि सांबाने २०१९ मध्ये ४.११ पासून एसएमबी-१ मुळातच बंद ठेवलं. अपडेटनंतर जुना माउंट अडला तर आधी हे आठवा.

आणि शेवटची पायरी, जी जवळजवळ कुणीच करत नाही : उपाय उलटा करून बघा. टिक केली आणि चाललं? टिक काढा. बिघाड परत आला, तरच ती टिक औषध होती. आमच्या चहाच्या आधी ही दहा मिनिटं कुणी दिली असती, तर टिक काढूनही नॅस उघडलंच असतं, आणि "मग ती मेल कुणाबद्दल होती?" हा प्रश्न आपोआप पडला असता.

आता ज्याला खरंच एसएमबी-१ लागतं त्याचं काय? त्याच्यासाठी सगळ्या विभागाचं दार उघडायचं नाही, त्याच्यापुरती एक खिडकी ठेवायची. आम्ही एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं आणि त्याला दोन नेटवर्क कार्डं लावली. एका कार्डाला फक्त एक्सपीचा संगणक, दुसऱ्याला विभागाचं नेटवर्क. एक्सपी आता विभागाच्या नेटवर्कवरही नाही आणि इंटरनेटवरही नाही. मधला संगणक एसएमबी-१ ने त्याच्याकडून फाइली ओढतो आणि नॅसवर ३.१.१ ने टाकतो. प्रत्येक फाइलचा चेकसम दोन्हीकडे जुळतो का ते बघतो. नाही जुळला, किंवा रात्रीत एकही फाइल आली नाही, तर मेल पाठवतो. सुट्टीच्या दिवशी यंत्र बंद असलं तरी ती मेल येते. त्रास होतो, पण शांततेपेक्षा बरी.

विंडोजमध्येच करावं लागलं तर एवढं ध्यानात ठेवा. तुम्ही जुन्या यंत्राकडून *घेणार* असाल तर फक्त क्लायंटच्या ओळीत टिक पुरते. इटर्नलब्लूचा हल्ला *देणाऱ्या* बाजूवर, म्हणजे सर्व्हरवर होता. तिन्ही चौकटी एकदम भरू नका, आणि काय भरलंत, कधी, कशासाठी, ते लिहून ठेवा.

शेवटचं

माझ्या सीनियरला मी हा लेख आधी वाचायला दिला. तो म्हणाला, "अरे, मी तर फोल्डर उघडून दिलं होतं!" खरंच दिलं होतं. त्याची मदत खोटी नव्हती. आम्ही तिघं-चौघं तिथे उभे होतो आणि 'चाललं' या शब्दावर सगळ्यांचं समाधान झालं, माझंही. रोज सहा-सात तास डेटाकडे संशयाने बघायचं शिक्षण घेणारी माणसं आम्ही, पण स्वतःच्या संगणकापुढे श्रद्धाळू होतो.

तुम्ही उद्या पीएचडीला लागाल तेव्हा पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी करा. तुमचा डेटा यंत्रापासून बॅकअपपर्यंत कुठल्या रस्त्याने जातो, तो कागदावर काढा. प्रत्येक टप्प्यावर लिहा, इथे अडलं तर मला कसं कळेल? ज्या टप्प्यासमोर उत्तर सुचणार नाही, तिथे आजच अडलेलं असू शकतं. आणि यंत्रावरची फाइल उडवण्याआधी तिची दुसरी प्रत उघडून बघा. प्रत आहे असं समजून चालू नका.

माझ्या तक्त्यात त्या चार नमुन्यांपुढे आता एक फुली आहे, आणि खाली टीप : 'सुरुवातीचा पॅटर्न उपलब्ध नाही.' गाईड म्हणाले, कारण लिहायची गरज नाही. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक विचारतील तेव्हा मात्र मी सगळं सांगणार आहे.